त्याच आरशाची चांदी

माझे धाकटे दीर आरसेवाले. आरशाची पाठ काळवंडली की जुनी चांदी उतरवायची, नवी चढवायची, हा त्यांचा धंदा. माणूस तिरसट, पण हात थंड डोक्याचा. आधी थिनरने मागचा रंग पुसायचे. रंग गरीब बिचारा, विरघळून मुकाट फडक्यावर येतो. चांदी थिनरला भीक घालत नाही. तिला तेजाब लागतं, आणि त्यात ती नुसती विरघळत नाही, तिचं दुसरंच काहीतरी होतं. तपकिरी धूर निघतो, खाली स्वच्छ पाणी उरतं. त्यात चांदी आहे हे सांगूनही कुणाला पटायचं नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली, मला त्याचं नवल नव्हतं.

भाऊजींचा एकच हट्ट. ज्या आरशाची चांदी, ती त्याच आरशाला परत.

"परकी चांदी काच धरत नाही," म्हणायचे.

"काचेला नातीगोती कळतात वाटतं?"

"तुम्हाला कळतात तेवढी कळतात, वहिनी."

एका दुपारी समोरची शिंपीण दुकानातला उभा आरसा घेऊन आली. तिची बहीण नुकतीच गेली होती. दोघी मिळून दुकान चालवायच्या. चेहरे एकाच साच्यातले.

"ती यात उभी असते," शिंपीण म्हणाली, कापडाचा भाव सांगावा तशी. "गिऱ्हाईकाच्या मागे. माझ्यावर नजर ठेवून. मला काम सुचत नाही. पुसून टाका तिला."

मी म्हटलं, बाई, जरा झोप काढ. भाऊजींनी चांदी उतरवली, आणि नेहमीच्या सवयीने तीच पुन्हा त्याच काचेवर चढवली. हात चालला, डोकं चाललंच नाही.

शिंपीण दुसऱ्याच दिवशी दारात.

"आली. आता पुढे येऊन उभी राहते."

भाऊजींचा चेहरा उतरला. पुन्हा तेजाब. या खेपेला बाजारातून कोरी चांदी आणून लावली, आणि जुन्या चांदीच्या पाण्याची बाटली फडताळात ठेवली.

"गेली ना?" मी शिंपिणीला विचारलं.

"गेली. पण काकू, तुम्ही एकदा येऊन बघा."

गेले. आरसा लखलखत होता. त्यात मी होते, माझा चष्मा, मागचं शिलाईचं मशीन, खिळ्याला टांगलेल्या कात्र्या. शिंपीण शेजारी उभी राहून माझा दंड धरून होती. बोटं चांगली रुतत होती. आरशात माझ्या बाहीवर चार खळगे पडले होते. शेजारी कुणीच नव्हतं.

मी काच पुसली. आरसा तिरका केला. खिडकी लावून पाहिली. मग भाऊजींना हाक मारली.

ते येऊन आरशासमोर उभे राहिले.

"बहिणीला काढताना तुम्हीही निघालात," ते तिला म्हणाले. "तेजाबाला काय, दोघी सारख्याच."

"मग परत लावा."

"लावीन. पण तीही येईल. पाण्यात गेल्यावर एकीला निवडून काढता येत नाही."

शिंपीण आरशातल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मी तिचा हात सोडवायला गेले, तर तिने आणखी घट्ट धरला.

"येऊ द्या," ती म्हणाली. "भांडत राहू."

भाऊजी बाटली आणायला गेले. शिंपिणीने मशीनजवळच्या दुसऱ्या स्टुलावरचा कपड्यांचा ढीग उचलला आणि स्टूल मोकळं करून ठेवलं.