मोजायचा उजेड

आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून क्रांती चौकाजवळचा हॉल घेतला होता. फोटोग्राफर कशाला, मी आहे ना, असं मीच सगळ्यांना सांगून बसलो होतो. नवा डिजिटल कॅमेरा, वर फ्लॅश, सगळं ऑटोवर. त्यात शिकायचं काय?

सगळे रांगेत उभे केले, मधे खुर्च्यांवर ते दोघं. अण्णांचे डोळे मिटलेले आले. पुन्हा काढला, पुन्हा मिटलेले. पिशोरचा मामा म्हणाला, "दाजी, लग्नातबी असेच झोपले व्हते का?" सगळे हसले, अण्णाही हसले. मी नाही हसलो. चारचौघांत माझी फजिती चालली होती. शेवटी ओरडलोच.

"डोळे उघडे ठेवता येत नसतील तर बाजूला व्हा, अण्णा. सगळ्यांचा फोटो नासतोय."

ते उठले, बाजूला झाले. मी त्यांची खुर्ची सरकवली आणि फोटो काढला. छान आला, आणि मला बरं वाटलं. हे बरं वाटणं मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. तोच फोटो मोठा करून घरात भिंतीवर लावला.

पुढं बहिणीनं तिच्या मोबाईलवरचा त्या वेळचा व्हिडिओ दाखवला, संथ केलेला. त्यात फ्लॅश दोनदा उडतो. आधी बारीक, लगेच मोठा. बारीक तो मोजायचा. माणसांवर आपटून किती उजेड परत येतो ते बघून कॅमेरा मोठा किती सोडायचा ते ठरवतो. आपल्याला दोन्ही मिळून एकच दिसतो. अण्णांची पापणी पहिल्यालाच हलायची आणि दुसऱ्याला पुरती मिटायची. इतका चपळ माणूस, त्याला मी झोपाळू ठरवला. व्हिडिओत माझा आवाजही होता, ताणलेला, रेड्यासारखा.

माझाच मला राग येऊन अंगाचा तिळपापड झाला. कॅमेऱ्याची पुस्तिका खोक्यात तशीच, प्लास्टिकही न फाडलेली. त्यात सरळ लिहिलंय: अमुक बटण दाबलं की मोजणी आधीच उरकते, कॅमेरा ती धरून ठेवतो, मग फोटो घ्या. एवढंच करायचं होतं मला.

रविवारी अण्णांना बसायला सांगितलं. ते नाही म्हणाले. आईनं हाताला धरून शेजारी बसवलं. मी समजावत राहिलो, पहिल्याला खुशाल डोळे मिटा, मग उघडा, मग दुसरा. माफ करा एवढं म्हणायचं होतं, आणि मी मेला बटणाबद्दलच बोलत होतो.

पहिला उडाला. अण्णांनी डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे बघितलं.

"झालं मोजून?"

"झालं."

मग त्यांनी सावकाश, ठरवून डोळे मिटून घेतले. "काढ आता."

खरं सांगतो, आधी रागच आला, तोच हॉलमधला. तेवढ्यात आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिनंही डोळे मिटले.

मी बटण दाबलं. उजेड अगदी बरोबर आलाय. भिंतीवरचा मोठा फोटो उतरवून तिथं मी हाच लावलाय.