बोळिंजच्या गोठ्यातलं विमान

मटिल्डा चारचौघांत नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि चिडली की 'तू'वर यायची. शहात्तर सालच्या दिवाळीपासून पुढची चार-पाच वर्षं तिच्या तोंडी जवळजवळ 'तू'च राहिलं. त्याला कारण बोळिंजच्या त्यांच्या वाडीतला गोठा.

गोठ्यात गुरं नव्हती. शेवटची म्हैस विकल्यावर मटिल्डाने ती जागा केळ्यांसाठी राखून ठेवली होती. ती सुकेळी करायची. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, आठवडाभर उन्हात घालायची, संध्याकाळी उचलून आत घ्यायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. तिच्या सुकेळ्यांना आगाशीच्या बाजारात नाव होतं. त्या उचल-ठेवीसाठी तिला गोठा हवा होता. तो तिच्या नवऱ्याने, फ्रेडरिकने, घेतला.

फ्रेडरिक सांताक्रूझला विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. अठरा वर्षं तो विमानांच्या पोटाखाली उताणा पडून नट आवळत होता. विमानात बसून उडालेला मात्र एकदाही नव्हता. वर्कशॉपमध्ये कोणीतरी टाकून दिलेलं एक इंग्रजी मासिक त्याने घरी आणलं. त्यात जायरोकॉप्टर नावाच्या यंत्राचं चित्र होतं, आणि ते घरच्या घरी कसं बांधावं हेही मापांसकट छापलं होतं.

"वरचा मोठा पंखा बघ," तो मटिल्डाला म्हणाला. "तो इंजिनाने फिरत नाही. वाऱ्याने फिरतो."

"मग इंजिन कशाला?"

"ते मागच्या छोट्या पंख्याला. छोटा पंखा ढकलतो, आपण पुढे जातो, पुढे गेलो की वारा लागतो, वारा लागला की वरचा फिरतो."

"आणि इंजिन बंद पडलं की?"

"तरी वरचा फिरतच राहतो. अलगद खाली येतो माणूस."

"हो," मटिल्डा म्हणाली, "अलगद येतो आणि अलगद पुरतात."

इथे वाद संपायला हवा होता. पण कुर्ल्याच्या भंगारातून फोक्सवॅगन मोटारीचं जुनं इंजिन आलं. ॲल्युमिनियमचे पाइप आले, स्कूटरची चाकं आली, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील असा बाक आला. वरच्या पंख्याची पाती करायला पाचूबंदरचा अँथनी सुतार आला. त्याचा सगळा जन्म होड्या बांधण्यात गेला होता. त्याने मासिकातलं चित्र आडवं-उभं करून पाहिलं आणि विचारलं, "ही पानी कापायची का वारा?"

"वारा," फ्रेडरिक म्हणाला.

"मंग जड नको." एवढं बोलून अँथनी कामाला लागला. तो दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की यायचा, मटिल्डाच्या हातचं जेवायचा आणि दुपारभर लाकडावर रंधा फिरवायचा. दोन पात्यांना त्याला चौदा महिने लागले. मटिल्डा म्हणायची, एवढ्यात याने मला माणसं बसतील अशी होडी बांधून दिली असती.

गावाने तर तिचा जीव खाल्ला. चर्चच्या पायऱ्यांवर, पाववाल्यापाशी, मयताच्या घरीसुद्धा शेजारीण तेरेसा हळूच विचारायची, "उडालं का गं?" मटिल्डा सुरुवातीला "नाही" म्हणायची. मग "पुढच्या वर्षी" म्हणायला लागली. मग नुसतीच बघायची. पण तेरेसाला बघण्याचा अर्थ कळत नसे.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये हद्द झाली. अंगणात कारवीच्या तट्ट्यांवर सहा दिवसांची सुकेळी पसरली होती. सोन्यासारखा रंग धरला होता, एक ऊन बाकी होतं. मटिल्डा आगाशीला गेली होती. फ्रेडरिकने यंत्र गोठ्याच्या दारात आणून इंजिन सुरू केलं. मागच्या पंख्याचं तोंड अंगणाकडे होतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. ती परत आली तेव्हा केळ्यांवर बोटभर धूळ, पालापाचोळा आणि कोंबड्यांची पिसं चिकटली होती. एक तट्टा माडाच्या शेंड्यापर्यंत जाऊन खाली पडला होता. अंगणात फ्रेडरिक उभा होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"लागलं!" तो ओरडला. "मटिल्डा, पहिल्या झटक्यात लागलं!"

तिने एक सुकेळं उचललं, पिसासकट, आणि त्याच्या हातात दिलं. "खा," म्हणाली. त्याने खरंच खाल्लं. या माणसावर रागावून काही फायदा नाही हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

बावखलावरच्या पंपाचीही तीच गत. बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळाभर केळींना, पानवेलींना पुरतं. पण पाणी उचलायला पंप लागतो, आणि पंप दर चार दिवसांनी रुसायचा. मुंबईत जेट विमानं दुरुस्त करणारा माणूस घरचा पंप बघायला कधी मोकळा नसे. "रविवारी बघतो," म्हणायचा. रविवारी अँथनी यायचा.

फ्रेडरिक अविचारी मात्र नव्हता. त्याने आधी इंजिन न लावता यंत्र दोराने एका मित्राच्या जीपला बांधलं आणि राजोडीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पतंगासारखं ओढून घेतलं. वर्षभर तो असाच दहा फूट, वीस फूट वर जात होता. मग इंजिन लावून एकट्याने लहान लहान उड्या मारल्या. सोबतीला दुसऱ्या बाजूला वाळूचं पोतं बांधायचा, कारण बाक दोघांचा होता आणि तोल जाऊन चालणार नव्हतं. परवानगीसाठी त्याने दिल्लीला तीन पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. फ्रेडरिकने पंपासाठी म्हणून सोमवारची रजा काढली. सकाळी मटिल्डा उठून बघते तो गोठा रिकामा. बैलगाडीच्या चाकोऱ्या फाटकातून किनाऱ्याच्या वाटेला गेलेल्या. तिने लुगडं खोचलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि राजोडीपर्यंत तरातरा चालत गेली. वाटेभर ती काय काय बोलायचं ते जुळवत होती, आणि ते बरंच होतं.

किनाऱ्यावर फ्रेडरिक आणि अँथनी वाळूत गुडघे टेकून बसले होते. पोतं फाटलं होतं.

"पंप," मटिल्डा म्हणाली.

"एक फेरी," फ्रेडरिक म्हणाला. "आज वारा असा आहे की वर्षातून एकदा मिळतो. एक मोठी फेरी मारतो आणि सरळ घरी येतो. पण वजन पाहिजे. पंचावन्न किलो."

अँथनीने मटिल्डाकडे पाहिलं आणि लगेच समुद्राकडे तोंड फिरवलं.

"बघू नकोस," ती त्याला म्हणाली. "साठ आहे."

मग ती स्वतःच बाकावर जाऊन बसली. तिला उडायची हौस नव्हती. तिला ते एकदाचं संपायला हवं होतं. "चल, उडव," ती म्हणाली. "उडव आणि घरी चल."

"बाय, भ्या नाय वाटत?" अँथनीने विचारलं.

"मला पाणी द्यायचंय केळींना. भ्यायला वेळ कुठे आहे?"

फ्रेडरिकने तिच्या कमरेला पट्टा बांधला. अँथनीने स्टुलावर चढून वरची पाती हाताने ढकलून फिरती केली. इंजिन धडधडायला लागलं. ओल्या कठीण वाळूवरून यंत्र खडखडत धावलं, मग खडखड थांबली. मटिल्डाने खाली पाहिलं. पायाखाली फळी नव्हती, नुसती एक नळी होती, आणि नळीच्या खाली सुरूच्या झाडांचे शेंडे होते.

ती किंचाळली असेल तर इंजिनापुढे ऐकू आली नाही. तिने 'नमो मारिया' सुरू केलं, पण वाऱ्याने तोंडातले शब्द उडून जात होते आणि आपण कुठवर आलो तेच कळेना. तेव्हा ती मोजायला लागली. खाली वाड्या आल्या होत्या. वाडीवाडीत बावखल होतं, लहान, गोल, चौकोनी, एक तर अगदी पावासारखं. जमिनीवरून चालताना माणसाला केळींआड आपलं आणि शेजाऱ्याचं, एवढी दोनच दिसतात. इथे सगळी एकदम दिसत होती. आगाशीच्या देवळाजवळचं तळं आलं, पण ते गावाचं म्हणून तिने धरलं नाही. बोळिंजवर आल्यावर तिने पहिल्यापासून, बोटांवर मोजायला सुरुवात केली. तिची वाडी आली. पूर्वेकडच्या कोपऱ्यातल्या पानवेली वरून पिवळ्या दिसत होत्या. तिकडे पाणी पोचतच नव्हतं.

"बघ!" ती फ्रेडरिकच्या कानात ओरडली. "बघ तुझा पंप!"

"काय?"

"पंप!"

"छान आहे ना?" तो ओरडला.

तिने पाय आपटला, आणि पाय आपटताना डाव्या पायातली चप्पल गेली. दूर उत्तरेला वैतरणेचं पात्र चमकत होतं, समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला एखाद्या भाकरीसारखा पडला होता, पूर्वेला जीवदानीचा डोंगर उभा होता. फ्रेडरिक एकेक बोटाने दाखवत होता आणि ती चप्पल कुठे पडली ते शोधत होती. तरी बोटांवरची मोजणी तिने सोडली नाही. बोळिंजच्या शिवेत एकोणीस झाली.

निर्मळच्या मोठ्या तळ्यावरून वळण घेऊन ते किनाऱ्याकडे आले. सुरूच्या रांगेपलीकडे वाळू दिसायला लागली आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांतता. नुसता वरच्या पंख्याचा फडफड आवाज.

"बंद पडलं!" मटिल्डाने त्याचा दंड धरला.

"मी केलं बंद," फ्रेडरिक म्हणाला. आता त्याला ओरडायची गरज नव्हती. "तू कधी विश्वासच ठेवला नाहीस ना. बघ, वरचा फिरतोय."

पंखा फिरत होता. ते खरंच अलगद खाली येत होते. मटिल्डाच्या मनात त्या घटकेला जे आलं ते तिने पुढे फादरांना पापनिवेदनात सांगितलं, दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. चाकं वाळूला टेकली. तिने पट्टा सोडला, एका पायात चप्पल तशीच ठेवून घराकडे चालू लागली. फ्रेडरिक मागोमाग धावत आला आणि त्या दुपारी त्याने पंप उघडला.

चप्पल बोळिंजमध्येच एका बाईच्या पापडांवर पडली होती. बाईने वर पाहिलं तेव्हा आभाळात काहीतरी घरघरत जात होतं. तिसऱ्या दिवशी फौजदार आले. सोबत एक हवालदार होता आणि हवालदाराच्या हातात कागदात गुंडाळलेली चप्पल होती.

"ही कोणाची?"

"माझी," मटिल्डा म्हणाली. "द्या इकडे. विकत घेऊन पाचच दिवस झालेत."

"बाई, हा मुद्देमाल आहे."

पंचनामा झाला. यंत्राला काय म्हणायचं यावर तासभर गेला. विमान म्हणावं तर पंख नाहीत, हेलिकॉप्टर म्हणावं तर फौजदारांनी हेलिकॉप्टर पाहिलेलं होतं आणि ते असं नसतं. अखेर कागदावर 'वर पंखा असलेली तीनचाकी गाडी, उडणारी' असं लिहिलं गेलं आणि यंत्र पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन उभं केलं. फ्रेडरिक गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. दोन दिवस जेवला नाही. गोठा एकदाचा रिकामा झाला होता, पण मटिल्डाला त्यात केळी ठेवावीशी वाटेनात.

मग तीच ठाण्यात जायला लागली. फ्रेडरिकला रोज नोकरी, जाणार कोण? एक साहेब म्हणायचे, दिल्लीहून पत्र आणा. दिल्लीचं पत्र आलं तर ते मोटार खात्याकडे जायला सांगत होतं. मोटार खातं म्हणालं, आमच्याकडे उडणाऱ्या गाडीचा रकाना नाही. "मग काढा की रकाना," मटिल्डा म्हणाली. "पट्टी नसली तर मी आणते." आवारात यंत्रावर ऊन पडायचं, मग दोन पावसाळे पडले. तिने एकदा घरून ताडपत्री नेऊन पात्यांवर बांधली. पुढच्या खेपेला ताडपत्री नव्हती. कोर्टाने समज देऊन यंत्र परत दिलं तेव्हा अँथनीची पाती दोन्हीकडून चिरली होती. अँथनी आला, त्याने चिरांवरून बोट फिरवलं आणि "नाय," एवढंच म्हणाला. नवी पाती करायची त्याची नजर राहिली नव्हती. फ्रेडरिकने पुन्हा उडायचं नाव काढलं नाही, आणि मटिल्डाने कधी टोमणा मारला नाही. चारचौघांत आणि घरातही ती त्याला 'अहो' म्हणू लागली. ते त्याला फारसं बरं वाटलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली गावात शहराचा आराखडा करणारे अधिकारी नकाशा घेऊन आले. शाळेत सभा भरली. बोळिंजमध्ये अकरा बावखलं, अधिकाऱ्याने वाचून दाखवलं.

"एकोणीस," मागून मटिल्डा म्हणाली.

"बाई, हे मोजणीचे आकडे आहेत. तुम्ही कशावरून सांगता?"

"वरून."

सभा हसली. अधिकारी नवीन होता, त्याला कळलं नाही. पण मटिल्डा हसली नाही. ती उठून नकाशापाशी गेली आणि एकेका ठिकाणी बोट ठेवत गेली: हे इनेझच्या वाडीतलं, हे पावासारखं, हे कुंपणाला लागून. त्याने पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाला, प्रत्यक्ष बघावं लागेल.

"मग चला," ती म्हणाली.

ऊन रणरणत होतं. साहेब बुटात होता. तिने त्याला कुंपणांमधून, पाटांवरून, केळींच्या चिखलातून दुपारभर फिरवलं. मागून फ्रेडरिक छत्री धरून चालला होता. दोन जागी बावखलाच्या जागेवर ताजी लाल माती पसरलेली निघाली. त्यातल्या एकीवर विटांचा ढीगही पडला होता. तिथे ती जरा वेळ उभी राहिली. अधिकाऱ्याने त्या दोन खुणा खोडल्या आणि घाम पुसला.

"बाई, अजून किती बघायची राहिली?"

"सहा," मटिल्डा म्हणाली. "पाणी पिता का?"