पिवळी बोटं आणि कपड्याचा साबण

लक्ष्मीपूजनानंतरच्या तिसऱ्या दिवशी बायकोनं माझा उजवा हात धरून विचारलं, "बोटं काहून पिवळी झाली?" आणि मी सवयीनं बोलून गेलो, "हळद आहे गं, दुसरं काय?"

बोललो आणि जीभ चावली. दिवाळीसाठी मोंढा, म्हणजे आमचा हळदीचा बाजार, चार दिवस बंद होता. या चार दिवसांत मी घराबाहेर पडलो होतो तो फक्त कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत.

वसमतच्या मोंढ्यात मी हळद पारखतो. ढिगातून हळकुंड उचलायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा आणि व्यापाऱ्याला सांगायचं, घे किंवा राहू दे. बायकोपासून सिगारेट लपवायला याहून सोयीचं काम दुसरं नसेल. तीन वर्षांपूर्वी मी सिगारेट सोडली होती, म्हणजे घरात तसं जाहीर केलं होतं. कपड्यांना येणारा वास मोंढ्यात शेजारी उभा राहून ओढणाऱ्या व्यापारी दोस्ताच्या नावावर जायचा आणि बोटांचा रंग हळदीच्या.

बायको उठली. मोरीतून कपड्याचा ओला साबण घेऊन आली आणि माझ्या दोन बोटांवर खसाखसा घासला. हळदीला हा साबण लागला की ती लाल होते. शर्टावर वरणाचा डाग पाडून घेणाऱ्याला हे माहीत नसतं, तो शर्ट धुणारीला असतं; आणि माझे शर्ट ती पंचवीस वर्षं धुते आहे. फेस पांढरा आला, बोटं पिवळीच राहिली. लाल झालो तो मी.

आता भांडण होईल म्हणून मी तयारीत बसलो. ते झालं असतं तर बरं होतं. ती समोर बसली आणि म्हणाली, "तुमी जिन्यात थांबता."

आमचं घर वरच्या मजल्यावर. सोळा पायऱ्या, मधे एक वळण.

"किल्ली शोधत असतो," मी म्हणालो.

"दार तर उघडंच असतंय. भाकर थापता थापता ऐकते मी. आधी एका दमात वर येत होते. आता वळणावर आवाज बंद होतो. मग माझा बी हात थांबतो."

तिचे वडील साखरा गावचे. बिडी ओढायचे. एका दुपारी शेतात छातीवर हात ठेवून "जरा बसतो" म्हणाले आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. ते पुन्हा उठले नाहीत. ती हे कधी बोलत नाही, त्या दिवशीही बोलली नाही. पण भाकरीवर थांबलेला तिचा हात मला दिसला, आणि दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं तिच्यासोबत हिंगोलीच्या बसमध्ये बसलो.

डॉक्टर तरुण होता. मला काका म्हणाला, तिथंच माझं निम्मं अवसान गेलं. त्यानं छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं.

"तब्येत तर ठणठणीत दिसते," मी म्हणालो.

"वरून पॉलिश हाय हो डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली, "हळकुंडावानी मोडून बघा."

पट्टी ठीक निघाली, पण रक्तात सुजेचा आकडा वाढलेला होता. मी पँट वर करून पाय बघितले. कुठंच सूज नव्हती.

"ही दिसणारी सूज नाही, काका," तो म्हणाला. "आकडा सर्दी-तापानंही वाढतो, पण तुम्हाला तसलं काही नाही. धूर रक्तात उतरला की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खरचटतं. शरीराला वाटतं जखम झाली, ते दुरुस्तीला धावतं, तिथं सूज येते. जखम भरायच्या आत तुम्ही दुसरी पेटवता. सुजलेल्या जागी चरबी धरते, वाहिनी अरुंद होते. धुरानं रक्तही लवकर गोठतं. एखाद्या दिवशी गुठळी नेमकी हृदयाच्या वाहिनीत अडकते. सिगारेट बंद करा. महिन्यानं पुन्हा रक्त बघू."

खरं तर घाबरायला हवं होतं. पण सूज हा शब्द ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. सुजेवर औषध काय, हे हळदीच्या माणसाला शिकवायचं?

मग महिनाभर मी हळदीवर तुटून पडलो. सकाळी हळद-दूध, रात्री हळद-दूध, मधे गुळात वळलेल्या हळदीच्या गोळ्या. ढिगातलं हळकुंडही चघळायला लागलो. आमचा दोस्त, ज्याच्यासाठी मी माल पारखतो आणि ज्याच्या नावावर माझा सगळा वास जमा होता, तो म्हणाला, "अरे, माल देखने का है, खाने का नै." लिलाव झाल्यावर शेडच्या मागं त्याच्यासोबत रोज फक्त दोन सिगारेटी ओढायचो. दिवसाच्या दहा होत्या त्या दोनावर आणल्या, वर एवढी हळद. माझ्या हिशेबानं शरीरच माझं देणं लागत होतं.

महिन्यानं आकडा जवळजवळ तिथंच.

"सिगारेट?" डॉक्टरनं विचारलं.

"जवळजवळ सोडली."

"किती जवळ?"

मी बायकोकडं बघितलं. ती माझ्या बोटांकडं बघत होती. "दोन," मी म्हणालो.

"काका, दोन ओढल्या म्हणजे धोका दोनाएवढाच राहिला असं नसतं. हृदयाला थोडा धूरही पुरतो. हळद भाजीत खा, दुधात घ्या, माझी हरकत नाही. पण तिच्या भरवशावर सिगारेट ओढू नका. घरात धूर कोंडलाय, चूल पेटतीच आहे, आणि तुम्ही भिंतींना रंग देऊन राहिलात."

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा विषय काढला, एकदा कापसाचा, एकदा थंडीचा. ती हूं म्हणाली. वसमतला उतरताना एवढंच बोलली, "हळदीचं दूध मी किती आशेनं देऊन राहिले होते." माझ्या मते तिनं मला याहून मोठी शिवी आजवर दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शेडच्या मागं दोस्तानं पाकीट पुढं केलं. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं पाकीट खिशात घातलं. "तेरे को कुछ हुआ तो मेरा माल कौन देखेगा रे? कल से मेरे बाजू में खड़ा नक्को रह." आणि तो स्वतः कोपऱ्यापलीकडं जाऊन ओढायला लागला. मला वाळीत टाकणारा माणूस इतका मायाळू असेल असं वाटलं नव्हतं.

सोडणं सोपं गेलं असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. पहिले दहा दिवस मी सगळ्यांच्या अंगावर खेकसलो, पंख्याच्यासुद्धा. बडीशेप चघळून गाल दुखले. डॉक्टरनं मदतीला औषध दिलं. हळूहळू बोटांचा रंग गेला. माझा हात असा दिसतो, हे मी विसरलोच होतो. पुढच्या खेपेला आकडा उतरला होता, पुरता नाही. "एवढ्या वर्षांचं आहे, वेळ लागेल," डॉक्टर म्हणाला.

शिमग्यानंतर नवी हळद आली. पहिल्याच दिवशी ढीगच्या ढीग पारखले आणि संध्याकाळी दहाही बोटं पिवळीधमक घेऊन घरी आलो. बायको भाकरी थापत होती. तिनं विचारायच्या आत मी मोरीत गेलो, कपड्याचा साबण घेतला, घासला. बोटं लालभडक झाली. तसाच ओल्या हातांनी तिच्यासमोर उभा राहिलो, शाळेत नखं दाखवतात तसा.

"बघ," मी म्हणालो.

तिनं हातांकडं बघितलंही नाही. भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "साबण काहून नासून राहिले? आज जिन्यात थांबले न्हाईत, तवाच कळलं मला."