भिंतीवरची ओळ

काल बाजारात एक रंगारी जुन्या भिंतीवर पांढरा रंग मारत होता. भिंतीवर चहाची फिकटलेली जाहिरात होती : ‘पाहुणे आले? आधण ठेवा.’

ती ओळ आमच्या गुप्तेसरांची. सगळे इंग्रजी जाहिरातींची भाषांतरं करायचे, तेव्हा आमच्या शहरात मराठीतच विचार करून लिहिणारे ते पहिले. "आई दुकानात बोलते तसं लिही," असं मला जाहिराती लिहायला शिकवताना सांगायचे. आजारपणात त्यांनी दोनदा बोलावलं. मी कामात होते. गेल्या महिन्यात ते गेले.

"जरा थांबता का?" मी रंगाऱ्याला म्हटलं.

तो थांबला. मी ओळ पुन्हा पुन्हा वाचली. जाहिरातीखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं, हे पहिल्यांदाच बोचलं.

"ताई, ऊन वाढतंय," तो हळूच म्हणाला.

मी बाजूला झाले.