शिट्टीआधीचा गुलाल

कोल्हापुरात पैलवान सांभाळणं एकवेळ सोपं, पण पैलवानाची पुतणी सांभाळणं? देवा रे! मी मीनाक्षी, मंगळवार पेठेतली. कॉलेजात बास्केटबॉल शिकवते, आणि या बाळासोंनी वर्षभर माझ्या डोक्याला नुसता ताप दिलाय.

त्यांची पुतणी संयोगिता कळंब्याची. बाप इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, म्हणून पोरीचं सगळं चुलत्याकडं. दहावीतच ती उंचीत चुलत्याच्या पुढं गेली. शाळेच्या मैदानात जाळी नसलेली एक गंजकी रिंग होती. शाळा सुटली की पोरगी बॉल घेऊन तिथंच, अंधार पडला तरी घरचं नाव न्हाय.

बाळासो जुने पैलवान. खेळ म्हटलं की खुराक, एवढंच त्यांना ठाऊक. पोरगी फर्स्ट इयरला माझ्याकडं आली आणि हेही दुधाची किटली घेऊन रोज सरावाला हजर. पहिल्याच मॅचआधी त्यांनी तिला तांब्याभर धारोष्ण दूध पाजलं. पोरगी कोर्टवरच ओकली. वर मलाच म्हणतात, "मॅडम, एवढं पळवता कशाला तिला?"

मधेच तिला बाहेर बसवलं की भांडायला तयार. "पैलवानाला कुस्तीतनं मधीच कोण उठवतंय व्हय?" अहो, कुस्ती न्हाय ही! कितीदा सांगायचं माणसानं?

संयोगिताला एकच ध्यास, विद्यापीठाच्या संघात जायचं. आमच्या कॉलेज स्पर्धेच्या फायनलला संघ निवडणारे सर येणार होते. पहिल्या वर्षाच्या पोरीला अशी संधी कुठं मिळते! मी बाळासोंपुढं हात जोडले. म्हटलं, गप खुर्चीत बसून बघा.

बसले की! अगदी शेवटपर्यंत बसले. आम्ही एका गुणानं मागं, तीन सेकंद उरलेली, आणि संयोगितानं बॉल रिंगमध्ये घातला. एक गुण पुढं! आता तेवढी तीन सेकंद काढायची. तेवढ्यात बाळासोंनी गुपचूप आणलेल्या हलगीवाल्याची हलगी कडाडली. समोरच्याची पाठ टेकली की कुस्ती संपली, लगेच पैलवानाला खांद्यावर घ्यायचं, ही यांची जन्माची सवय. गुलाल उधळत बाळासो थेट कोर्टवर आले आणि पोरीला उचलून नाचायला लागले.

"तात्या, सोडा! संपलं न्हाय अजून!" ती ओरडत होती. हलगीत कुणाला ऐकू जातंय?

बाहेरचा माणूस कोर्टवर आला म्हणून पंचांनी समोरच्यांना एका गुणाचा फ्री थ्रो दिला. बरोबरी झाली. गुलाल पुसून जादा वेळ खेळवला, पण संयोगिताचं लक्षच उडालं होतं, तिचा एकही बॉल रिंगमध्ये गेला न्हाय. हरलो. गुलालानं माखलेल्या तोंडानं ती चुलत्याला म्हणाली, "परत माझ्या खेळाला यायचं न्हाय." मला संताप आला होता, पण त्या माणसाचं तोंड बघवेना.

सरांनी मोठ्या मनानं तिला रविवारी त्याच कोर्टवर निवड चाचणीला बोलावलं. बघते तर बाळासो फाटकाबाहेर उभे, किटली न्हाय, काही न्हाय. "आत येऊ का नको?" मला विचारतात! म्हटलं, या, पण हात मांडीखाली. खरंच तसेच बसले.

संयोगिता त्या दिवशी जीव तोडून खेळली. शेवटी सरांनी तिचं नाव पुकारलं आणि पोरींनी एकच गिल्ला केला. बाळासो मात्र जागचे हलेनात.

"मॅडम, संपलं काय?"

"संपलं की हो! झाली निवड!"

तरी हात मांडीखालीच. मग संयोगिताच धावत आली आणि त्यांच्यापुढं उभी राहिली.

"तात्या, आता उचला की!"

त्यांनी उचललं. दोघंही रडत होती. आणि मग या गृहस्थानं सदऱ्याच्या आतनं गुलालाची पुडी काढली! धुतलेलं कोर्ट सगळं लाल. फडकं मलाच आणावं लागलं. चांगल्या शिव्या घालणार होते, पण त्या फडक्यानं आधी माझेच डोळे पुसले.