भोंगा गेटबाहेरही ऐकू जातो

मित्रांनो, दुपारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला आहे. आज सकाळी आमचा धोक्याचा भोंगा वाजला. तो फक्त सराव होता. त्याची सूचना मीच फळ्यावर लिहिली होती, एकेक अक्षर तपासून. फळा मात्र गेटच्या आत आहे.

पहिली पाळी संपवून कंपनीजवळच्या सरावली गावात घरी आलो, तर शेजारच्या सुनंदाकाकी ओट्यावर बसलेल्या. भोंगा ऐकून त्या नातीला उचलून स्टेशनपर्यंत पळाल्या होत्या. लकवा झालेले काका घरातच राहिले.

"काकी, सराव होता तो."

"तुमाला ठावं होतं. आमाला कोण सांगणार? तुमी तिथं काय बनवता, तेबी आजवर कोनी सांगितलं नाय."

"तापाच्या गोळ्यांचा कच्चा माल."

"मग लपवता कशाला?"

आतून काका ओरडले, "बरं झालं गेली! तेवढा वेळ घरात शांतता व्हती."

काकी हसल्या नाहीत. "पोरा, खरंच वाजला तर यांना घेऊन कुठं पळू?"



कंपन्यांनी आपली गोष्ट गेटबाहेर सांगायला हवी. जाहिरात म्हणून नाही, शेजारी म्हणून. आम्ही काय बनवतो, त्यात धोका कसला, भोंगा कधी वाजतो, वाजला तर कुठे जायचं.

उद्या साहेबांना हे विचारणार आहे. भीती वाटते. पण काकींच्या दारावरूनच मला रोज कामाला जायचंय.

तुमच्या शेजारच्या कारखान्यात काय बनतं, ते तुम्हाला कुणी सांगितलंय का?