लाल डोक्याचा स्क्रू

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. खरं तर तिला तरी सांगायला हवं होतं, कारण ज्या रविवारी हे घडलं त्या रविवारी मी तिलाच बघायला पुण्याला गेलो होतो.

मुळशीच्या पाण्याकाठी तेव्हा भूकंपमापनाची एक खोली होती आणि तिथे मी एकटाच कामाला होतो. यंत्रात एक जड वजन स्प्रिंगवर अधांतरी असायचं. जमीन हलली की शेजारच्या फिरत्या ड्रमवर, काजळी धरलेल्या कागदावर, सुई नागमोडी रेघ ओढायची. रोज सकाळी कागद बदलायचा, वहीत नोंद करायची. साफसफाई करताना वजन हलू नये म्हणून एक स्क्रू आवळायचा, आणि निघताना तो न विसरता सैल करायचा. त्या सकाळी मी नवा कागद लावला, यंत्र पुसलं आणि एसटी पकडली. स्क्रू आवळलेलाच राहिला.

सोमवारी येऊन बघतो तर पट्टीनं आखल्यासारखी रेघ. एरवी रस्त्यानं ट्रक गेला तरी सुई थरथरायची. मी गुपचूप स्क्रू सैल केला आणि वहीत लिहिलं, 'हालचाल नाही.'

माझं जेवण माले गावातल्या एका मावशींकडे असायचं. एकट्या बाई. त्यांचं घर आणि दिराचं घर यांच्यात एकच भिंत. ती नेमकी रविवारी दुपारी वरपासून खालपर्यंत तडकली होती. मावशी सांगत होत्या, जमीन हलली, फळीवरची भांडी पडली. गाव त्या वेळी भातलावणीला खाचरांत होतं, चिखलात उभ्या माणसाला काय कळणार? दिराचं म्हणणं होतं, हिनं मोरीसाठी पाया उकरला म्हणून भिंत गेली. मोरीचा पाया मावशींनी नुकताच खणला होता, हेही खरं. शेवटी कुणीतरी म्हणालं, भांडता कशाला, यंत्राला विचारू. मला बोलावणं आलं.

दिराच्या ओट्यावर दहा-बारा जण बसले होते. मावशी दारात उभ्या.

"सायेब, काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

"रेघ सरळ आहे," मी म्हणालो.

शब्दांत खोटं काही नव्हतं. त्या आडोशानं मी इतकी वर्षं काढली.

भिंत मावशींनीच नीट करून द्यायची असं ठरलं. त्यांनी स्वतः माती कालवली. दिराच्या घरानं त्यांच्याकडचं पाणी पिणं सोडलं आणि गाव त्यांना भूकंपवाली म्हणू लागलं. माझा डबा मात्र एक दिवस चुकला नाही. मी बाजारातून लाल ऑइलपेंटची डबी आणली आणि स्क्रूचं डोकं रंगवलं. पुन्हा विसरू नये म्हणून.

पुढे नवी यंत्रं आली, खोली बंद पडली. आता पौडच्या एका शाळेला ते जुनं यंत्र मुलांना दाखवायला हवंय आणि दुरुस्ती मला जमते, म्हणून पोत्यात बांधलेलं धूड माझ्या भूगावच्या फ्लॅटमध्ये आलं. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. गंज घासला, चाकं रॉकेलमध्ये धुतली, तुटलेली तार डाग देऊन जोडली. लाल रंग तेवढा जागच्या जागी होता. न्यायला आलेल्या सरांनी विचारलं, हा रंग कशाला? म्हटलं, ओळखायला. पुन्हा तेच, खोटं नाही असं उत्तर. कागदाला काजळी धरायची राहिलीय, सोमवारी आणून देतो, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मालेला गेलो. मावशी आता खूप थकल्यात, पण ओळखलं. पलीकडे दीर खाटेवर बसून होते. अजून बोलणं नाही. मी यंत्राचं सांगितलं, ते पुन्हा चालतंय म्हटलं. त्या हसल्या.

"लई हुशार यंत्र हाय ते. मी उगा गाव डोक्यावर घेतलं हुतं. मलाच चक्कर आली आसंल, सायेब."

मी चहा प्यालो आणि उठून आलो.

गावानं त्यांना खोटं ठरवलं एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. त्या स्वतःच स्वतःला खोटं मानायला लागल्यात, हे मला ठाऊक नव्हतं.

यंत्र अजून माझ्याकडेच आहे. शाळेत देण्याआधी ते मालेला न्यायचंय. दोघांच्या दारांपुढे, दीर ऐकत असताना, मला एवढं सांगायचंय: यंत्र मी अडकवून ठेवलं होतं. त्या दुपारी जमीन हलली की नाही, हे त्याला कळणंच शक्य नव्हतं. कळलं होतं ते फक्त मावशींना. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.